‘आपला रुपया पाकिस्तानी रुपयाच्या खाली कधीच गेला नाही’ हे खरं नाही

‘फाळणीच्या वेळी भारताचा आणि पाकिस्तानचा रुपया बरोबरीचा होता. त्यानंतर आपला रुपया एकदाही त्यांच्या खाली गेला नाही. आज आपल्या एका रुपयाला त्यांचे तीनाहून जास्त रुपये मिळतात, म्हणजे आपण त्यांच्या तिपटीहून श्रीमंत.’ या आशयाचा मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे, दुसरं साफ चूक आहे, आणि तिसऱ्यातला आकडा बरोबर असला तरी त्यावरून काढलेला अर्थ टिकत नाही.

फाळणीच्या वेळी दोन्ही रुपये नुसते बरोबरीचे नव्हते, सुरुवातीला तो एकच रुपया होता. 30 जून 1948 पर्यंत रिझर्व्ह बँक दोन्ही देशांचं काम पाहत होती आणि पाकिस्तानात भारतीय नोटाच ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ असा शिक्का छापून चालत होत्या. 1 जुलै 1948 ला स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली, तरी दर तोच राहिला: एक रुपया म्हणजे 1 शिलिंग 6 पेन्स. पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै, आणि डॉलरला साधारण 3.31 रुपये.

‘एकदाही खाली गेला नाही’ हे विधान तिथून दोन वर्षंसुद्धा टिकत नाही. सप्टेंबर 1949 मध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन करून तो 4.03 डॉलरवरून 2.80 डॉलरवर आणला. भारत पौंडाबरोबर खाली आला आणि डॉलर 4.76 रुपयांना पडू लागला. पाकिस्तानने मात्र अवमूल्यन करायला नकार दिला आणि 3.31 चा दर तसाच ठेवला. 4.76 ला 3.31 ने भागा: 100 पाकिस्तानी रुपयांना 144 भारतीय रुपये.

याची झळ सगळ्यात आधी लागली ती तागाला. गिरण्या कलकत्त्याच्या आसपास आणि कच्च्या तागाचा मोठा पुरवठा पूर्व बंगालातून. पाकिस्तानात भाव न बदलताही 100 रुपयांचा ताग एका रात्रीत 144 रुपयांना पडू लागला. भारताने तो दर मान्यच केला नाही आणि दोन्ही देशांमधला व्यापार ठप्प झाला. तिकडे शेतकऱ्यांच्या हातात ताग पडून राहिला. त्याच्या खरेदीला पैसा पुरवण्यासाठी नोव्हेंबर 1949 मध्ये नॅशनल बँक ऑफ पाकिस्तान घाईने उभी करावी लागली. पुढे कोरियन युद्धामुळे ताग आणि कापसाचे भाव चढले, पाकिस्तानचा दर तगला, आणि फेब्रुवारी 1951 च्या व्यापार करारात भारताने तो स्वीकारला. 31 जुलै 1955 ला पाकिस्ताननेही अवमूल्यन करून 4.76 गाठला, तेव्हा कुठे दोन्ही रुपये पुन्हा समपातळीवर आले.

ही बरोबरी 11 वर्षं टिकली. 6 जून 1966 ला भारताने डॉलरचा दर 7.50 रुपये केला, पाकिस्तान 4.76 वरच राहिला. म्हणजे 100 पाकिस्तानी रुपयांना सुमारे 158 भारतीय रुपये.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: हे सरकारी दर होते, बाजारातले नव्हते. पाकिस्तानात 1959 पासून बोनस व्हाउचर योजना होती. निर्यातदाराला कमाईच्या काही भागाइतकं, आयातीची मुभा देणारं व्हाउचर मिळे आणि ते बाजारात चढ्या भावाने विकलं जाई. ते घेऊन आयात करणाऱ्याला डॉलर 4.76 पेक्षा कितीतरी महाग पडे. त्यामुळे त्या काळातला पाकिस्तानी रुपया खरोखर दीडपट वजनदार होता असं म्हणता येणार नाही. पण मग आपला त्या वेळचा दरही नियंत्रितच होता. निकष लावायचा तर दोघांना सारखाच लावावा लागेल.

मे 1972 मध्ये व्हाउचर योजना बंद झाली आणि पाकिस्तानने दर एकदम 11 रुपयांवर नेला. इथे मात्र भारतीय रुपया स्पष्टपणे वर गेला, आणि ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्यांची आठवण बहुधा इथूनच सुरू होते. पण तीही पुढे चुकते. जुलै 1991 च्या अवमूल्यनानंतरच्या वार्षिक सरासऱ्या पाहा. 1993 मध्ये डॉलरला सुमारे 30.5 भारतीय आणि 28.1 पाकिस्तानी रुपये. 1995 मध्ये 32.4 आणि 31.6. पाकिस्तानी रुपया थोडा का होईना, वरच होता. 1996 मध्ये चित्र उलटलं आणि त्यानंतर ते पालटलेलं नाही.

आता ‘तिपटीहून श्रीमंत’. 2017 च्या सरासरीने एका भारतीय रुपयाला सुमारे 1.6 पाकिस्तानी रुपये मिळत होते, 2023 मध्ये 3.4. दर हे श्रीमंतीचं माप धरलं तर सहा वर्षांत आपण त्यांच्या तुलनेत दुप्पट श्रीमंत झालो असं मानावं लागेल. प्रत्यक्षात मे 2023 मध्ये पाकिस्तानात महागाई 38 टक्क्यांच्या घरात होती, भारतात 4 टक्क्यांच्या थोडी वर. दरातल्या घसरणीचा बराच भाग तिथल्या वाढलेल्या किमतींमध्येच मुरतो. उत्पन्नाची तुलना करायची असेल तर दरडोई उत्पन्न क्रयशक्तीच्या हिशेबाने, म्हणजे त्या पैशात तिथे प्रत्यक्ष किती वस्तू येतात ते धरून पाहावं.

स्वतः पडताळायचं असेल तर भारतीय दराला (डॉलरला किती रुपये) पाकिस्तानी दराने भागावं. एका पाकिस्तानी रुपयाचे किती भारतीय रुपये ते कळतं. चुका ठरलेल्या असतात. एकाची वर्षअखेर आणि दुसऱ्याची सरासरी घेतली की घोळ होतो. ‘1992-93’ म्हणजे आपल्याकडे एप्रिल ते मार्च, त्यांच्याकडे जुलै ते जून. आणि मार्च 1992 ते फेब्रुवारी 1993 या काळात भारतात दोन दर होते: निर्यातदाराच्या परकीय चलनापैकी 40 टक्के सरकारी दराने, 60 टक्के बाजारदराने. त्यामुळे 1992 साठी कोणत्या तक्त्यात कोणता दर धरला आहे हे पाहिल्याशिवाय भागाकार करू नये. त्या एका वर्षाचा आकडा नुसता तक्ता बदलला तरी बदलतो.