पाला चोळला की डास पळतात, हे कितपत खरं?

रानावनात भटकणाऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. त्याचा आशय असा: डासांवरची बाजारातली मलमं विषारी, तुळस, निरगुडी, घाणेरी, कडुनिंब, गवती चहा, जे वाटेत दिसेल त्याचा पाला चुरगळून अंगाला चोळा, उरलेला शेकोटीत टाका, एकही कीटक फिरकणार नाही, आणि सगळं नैसर्गिक असल्यामुळे अपाय शून्य. संदेश धादांत खोटा असता तर सोडून दिला असता. पण तो अर्धा खरा आहे, म्हणूनच लोक त्यावर विश्वास ठेवतात.

‘वनस्पतींत डासांना नकोशी द्रव्यं असतात.’ असतात, यात वाद नाही. घाणेरीच्या फुलांचा अर्क खोबरेल तेलात मिसळून लावल्यावर एडिस (डेंग्यू पसरवणाऱ्या) डासांपासून सुमारे दोन तास बचाव झाल्याचं प्रयोगात दिसलं आहे. अमेरिकेतल्या ब्यूटीबेरी या झुडपाचा पाला शेतकरी जनावरांच्या अंगावरच्या साजाखाली ठेवत. त्यातूनच संशोधकांनी डासांना दूर ठेवणारं द्रव्य वेगळं काढलं. लोकज्ञानाला नाक मुरडायचं काहीच कारण नाही.

‘म्हणून पाला चोळला की झालं.’ खरी फसगत इथे होते. प्रयोगात वापरतात तो अर्क किंवा वेगळं काढलेलं द्रव्य. ताज्या पानात सुगंधी तेल बहुतेक वेळा एक टक्काही नसतं. त्यातलं हाताला लागतं थोडं, आणि जे लागतं ते उडून जातं. वास येतो तोच मुळी तेल हवेत उडतं म्हणून. जितका दरवळ जास्त, तितका साठा लवकर संपतो. गवती चहाच्या जातीच्या गवतापासून काढलेलं सिट्रोनेला तेल तर पाल्यापेक्षा कितीतरी दाट. तरीही २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत सिट्रोनेलाची उत्पादनं २० मिनिटंही टिकली नाहीत, आणि २३.८ टक्के डीट (डासांना दूर ठेवणारं, कारखान्यात बनणारं रसायन) असलेलं औषध सरासरी पाच तास टिकलं. शिवाय एकाच जातीच्या दोन झुडपांतलं तेल जमीन, ऋतू आणि वाणानुसार वेगळं असतं, त्यामुळे मूठभर पाल्यात ‘मात्रा’ नावाची गोष्टच नसते. चिडचिड टाळायची असेल तर वीस मिनिटंही गोड मानता येतील. डेंग्यू किंवा मलेरिया टाळायचा असेल तर एकविसाव्या मिनिटाला बसलेला डासही पुरतो.

‘झाड शेजारी असलं तरी डास येत नाहीत.’ ‘मॉस्किटो प्लांट’ म्हणून विकलं जाणारं जिरेनियम फ्लोरिडात तपासलं गेलं. डासांना त्याचं काहीच वाटलं नाही. पान न दुखावता त्यातलं तेल फारसं बाहेर पडत नाही, एवढंच.

‘कडुनिंबाला किडेसुद्धा घाबरतात.’ १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीने सगळं फस्त केलं आणि कडुनिंब तेवढा सोडला, हे खरं. पण टोळ पानं खातात, डासाची मादी रक्त पिते. पान खाणाऱ्यासाठी झाडाने केलेला बंदोबस्त रक्त शोषणारीलाही रोखेलच, असं गृहीत धरता येत नाही. ‘एकही कीटक’ म्हणताना संदेशाने मधमाश्या आणि गांधीलमाश्याही ओढल्या आहेत. त्यांच्यावर तर डीटचाही उपयोग होत नाही.

‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक.’ या वाक्याचा मला मनापासून राग येतो. सतापीचा पाला कीटक पळवायला अंगाला चोळून उन्हात गेलेल्यांच्या कातडीवर फोड आल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. तिच्या रसातली द्रव्यं उन्हातल्या अतिनील किरणांनी चेतवली जातात, आणि भाजल्यासारखी जखम एकदोन दिवसांनी वर येते, तोवर कारणही विसरलेलं असतं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. आणि ‘जे दिसेल ते’ शेकोटीत टाकणाऱ्याच्या हाताला कण्हेरही लागू शकते, जिचं पान-फूल-खोड सगळं विषारी. धुराने डास कमी होतात, पण कोणत्याही धुराने. आणि तो धूर आपल्याच छातीत जातो.

‘डीट म्हणजे विष.’ ते १९४६ साली अमेरिकी सैन्यासाठी तयार झालं आणि १९५७ पासून सामान्य लोक वापरत आहेत. सांगितल्याप्रमाणे लावलं तर गंभीर त्रास अगदी विरळा. जखमेवर, डोळ्यांजवळ किंवा कपड्यांखालच्या अंगावर लावायचं नाही. घड्याळाचा प्लास्टिकचा पट्टा मात्र ते खरंच खराब करतं. त्याचा वास नको असेल तर पिकारिडिन हे दुसरं डासरोधक रसायन आहे.

आणि वनस्पतीचंच हवं असा हट्ट असेल, तर लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून बनवलेलं पीएमडी हे डासरोधक द्रव्य चाचण्यांत टिकलं आहे. फक्त ते त्या निलगिरीचं नुसतं सुगंधी तेल नव्हे. तेलात पीएमडी अगदी थोडं असतं, प्रक्रियेने ते वाढवावं लागतं. म्हणून बाटलीवर ‘पीएमडी’ हे नाव शोधा, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना ते लावू नका.