सुखी प्रजा व्हायचंय? आधी नीट घाबरायला शिका

सरकारचा त्रास होतो ना तुम्हाला? टॅक्स, नियम, वरून कोणीतरी सतत डोळे वटारतंय? चूक तुमची आहे, तुम्ही पुरेसे घाबरत नाही. घाबरायचं शास्त्रच शिकायचं तर थॉमस हॉब्स या इंग्रज राजकीय तत्त्वज्ञाला गुरू करा. हा गृहस्थ जन्मला १५८८ च्या एप्रिलमध्ये, इंग्लंडात माम्सबरीजवळ, तेव्हा स्पेनचं आरमार येणार म्हणून सगळे धास्तावलेले, आणि पुढे त्यानेच लिहून ठेवलं की माझ्या आईला जुळं झालं, एक मी आणि दुसरी भीती. आपल्याला एवढं भाग्य नाही, आपल्याला प्रॅक्टिस करावी लागेल.

तर आधी हक्क. ते जवळ बाळगू नका, माणसं भांडतात. जीव वाचवायचा हक्क तेवढा ठेवा, बाकी सगळे एका सार्वभौमाला देऊन टाका, मग तो एक राजा असो नाहीतर सभा. आता कराराची गंमत बघा, तो करायचा तुम्ही आणि शेजाऱ्याने आपापसात, राजा त्यात पार्टीच नाही. म्हणजे बक्षीसपत्रावर सह्या तुमच्या, आणि ज्याला सगळं मिळालं त्याची सहीच नाही, मग तो करार मोडणार तरी कसा? उद्या त्याने तुम्हाला बदडलं तरी रडू नका. राजाने मारलं आणि पावसाने झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची, हे आपण पिढ्यानपिढ्या म्हणतोय, पण हॉब्स त्याच्याही पुढे गेला. त्याचं म्हणणं, दाद मागायचीच कशाला, तो जे करतो ते तुमच्याच अधिकाराने करतो, म्हणजे काठीही तुमची आणि पाठही तुमचीच! आणि 'जुलूम' हा शब्द तेवढा विसरा, राजा न आवडणारे लोक राजेशाहीला तसं म्हणतात, बाकी काही नाही.

पटत नसेल तर हे सगळं ज्यात लिहिलंय त्या त्याच्या १६५१ च्या 'लेव्हायथन' या पुस्तकाचं पहिलं चित्र झूम करून बघा. डोंगरामागून एक मुकुटवाला राक्षसी राजा वर आलाय, एका हातात तलवार, दुसऱ्यात बिशपचा धर्मदंड, आणि अंगात चिलखत घातलंय असं वाटतं पण ती माणसं आहेत, शेकडो, दाटीवाटीने, सगळ्यांची पाठ आपल्याकडे आणि तोंड राजाकडे. चेहरा फक्त त्यालाच. मला तर ती गर्दीच्या लोकलमधली माणसं वाटतात, फक्त इथे पुढचं स्टेशन येत नाही.

आता तुम्ही विचाराल, गुरुजींनी स्वतः काय केलं? १६४० मध्ये राजा आणि पार्लमेंटची जुंपणार असं दिसताच ते पॅरिसला सटकले, आणि सगळ्यात आधी पळालो तो मीच, हे नंतर मोठ्या तोऱ्यात सांगायचे. तिकडे भावी चार्ल्स दुसरा याला गणित शिकवलं. १६४९ मध्ये पार्लमेंटवाल्यांनी त्याच्या बापाचं, म्हणजे राजाचंच, मुंडकं उडवलं. मग लेव्हायथन आलं, हद्दपार दरबार भडकला, तर गुरुजी परत लंडनला, ज्यांनी मुंडकं उडवलं त्यांच्याच राज्यात! थिअरीत बसतं बरं का हे, संरक्षण देणं जमतंय तोवरच आज्ञा पाळायची असं पुस्तकातच आहे. तेव्हा निष्ठा जरूर ठेवा, पण बॅग भरलेली असू द्या.

१६६० ला चार्ल्स परत गादीवर, जुन्या मास्तरांना वर्षाला १०० पौंड पेन्शन. आता तरी निवांत? छे. प्लेग झाला, १६६६ ला लंडन जळलं, लोक म्हणाले हा देवाचा कोप, आणि पार्लमेंटच्या कमिटीला नास्तिकपणाच्या चौकशीत लेव्हायथनही तपासायला सांगितलं. म्हाताऱ्याने म्हणे घाबरून घरचे काही कागद जाळले. पुढे यादवी युद्धावर 'बीहीमथ' लिहिलं तर खुद्द राजाने छापायला नाही म्हटलं. प्रजेने कुठली मतं वाचायची हे सार्वभौमच ठरवणार, हे लेव्हायथनमध्ये कोणी लिहिलंय? आता बोला.

पण माणूस जगला ९१ वर्षं, १६७९ पर्यंत, म्हणजे घाबरणं तब्येतीला मानवतं. त्याच पुस्तकात तो विचारतो, कायदा आहे, शिपाई आहेत, तरी झोपताना तुम्ही दाराला कडी लावताच ना? तो स्वतः रात्री दारं घट्ट लावून, कोणी ऐकत नाहीये याची खात्री करून, अंथरुणात मोठमोठ्याने गायचा, फुप्फुसांना चांगलं म्हणून. आवाज काही खास नव्हता म्हणतात. तुम्हीही गा, पण कडी बघून घ्या.