चुकलं तर कळणार कसं?

ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो नानाच्या पुतणीवरून. तिनं पीएच.डी.साठी विषय घेतलाय अंबरनाथच्या शिवमंदिरातली शिल्पं. नाना महाप्याच्या एमआयडीसीत, औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. त्याचं म्हणणं सरळ होतं.

"मंदिर 1060 सालचं. साडेनऊशे वर्षं तिथंच उभं आहे. आता त्यात नवीन काय शोधणार? आणि शोधलंच तर खरं की खोटं, ते ठरवणार कोण? माझ्याकडे सॅम्पल दोनदा लावतात, दोन वेगळी माणसं लावतात. आकडे जुळले नाहीत तर बॅच अडते. तिच्या प्रबंधात काय अडणार?"

या प्रश्नाला लोक हल्ली "तुला कलेतलं कळत नाही" असं सुनावून मोकळे होतात. मला ते पटत नाही. नानाचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला रास्तच उत्तर मिळायला हवं.

पहिलं तोंड वकिलानं उघडलं. "लांब कशाला जातोस? आपलं सेंट्रल जेल म्हणजे जुना ठाण्याचा किल्ला. 1787 मध्ये तिथं नव्या बांधकामाचा पाया खणताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीचं दानपत्र, शक 939, म्हणजे इसवी सन 1017. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनं आपल्या संशोधनाचा पहिला खंड काढला 1788 मध्ये, त्यात त्याचं भाषांतर छापलंय. तो कागद कोणाचा? संस्कृतवाला म्हणेल माझा, इतिहासवाला म्हणेल माझा. मी म्हणतो माझा. गावं कोणी दिली, कोणाला दिली, चतुःसीमा म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी काय, सगळं त्यात आहे. आजही खरेदीखत करताना मी चतुःसीमा लिहितोच."

"वाचता येणं म्हणजे संशोधन नव्हे," नाना म्हणाला. "खोटा ताम्रपट कोणी पुरून ठेवला असेल तर?"

"असतातच की बनावट," मास्तर म्हणाले. मास्तर शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेत. "जमिनीवर हक्क सांगायला लोकांनी मागाहून ताम्रपट घडवलेत. म्हणून तर तपासतात. अक्षरांचं वळण त्या काळाचं आहे का, वंशावळ दुसऱ्या लेखांशी जुळते का. शिवाय दान पुष्कळदा ग्रहणाच्या पर्वावर दिलेलं असतं. तिथी, वार, ग्रहण, तिन्ही गणितानं मागे जाऊन काढता येतं. त्या दिवशी ग्रहण नव्हतंच असं निघालं, तर तो ताम्रपट संशयात येतो."

"म्हणजे शेवटी निकाल विज्ञानानंच दिला ना, मास्तर?"

इथं मला बोलल्यावाचून राहवेना. गणितानं मदत केली की मानविकीचं, म्हणजे भाषा, इतिहास, कलेचं संशोधन खरं, नाहीतर नुसती शब्दांची आरास, हा समज आपल्याकडे फार खोल आहे. मुलांना शाखा निवडून देताना आपण तो त्यांच्या गळ्यात बांधतो. मी नानाला भांडारकर संस्थेच्या महाभारताची गोष्ट सांगितली, कारण तिथं प्रयोगशाळा नव्हती आणि तरीही शिस्त नानाच्या लॅबइतकीच कडक होती.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचं, म्हणजे जुनी हस्तलिखितं ताडून मूळच्या जवळचा पाठ ठरवण्याचं काम 1919 मध्ये सुरू झालं आणि 1966 मध्ये पूर्ण झालं. काश्मीरपासून केरळपर्यंत वेगवेगळ्या लिप्यांतली 1,259 हस्तलिखितं त्यासाठी लावून पाहिली. 1925 पासून प्रमुख संपादक होते विष्णु सीताराम सुकथनकर. हा माणूस केंब्रिजला गणित शिकलेला, मग बर्लिनला जाऊन प्राच्यविद्येकडे वळलेला. त्यांनी आधी नियम ठरवले आणि मग त्या नियमांना स्वतःलाही बांधून घेतलं. एकमेकांपासून स्वतंत्र असलेल्या परंपरांत जे समान सापडतं ते मुख्य संहितेत. एकाच शाखेत आढळणारा मजकूर, कितीही लाडका असला तरी, तळटिपेत किंवा परिशिष्टात. व्यासांनी सांगायचं आणि गणपतीनं लिहायचं, ही आपल्या घराघरातली कथा आदिपर्वाच्या मुख्य संहितेतून बाहेर गेली. वस्त्रहरणात द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो भाग सभापर्वाच्या मुख्य संहितेत नाही. संपादकांना या कथा आवडत नव्हत्या म्हणून नव्हे. पुराव्यात त्या टिकल्या नाहीत म्हणून.

"आणि पुरावाच तोकडा असेल तर?" नानानं बरोबर जागी बोट ठेवलं.

त्याचं उत्तर या कामाच्या इतिहासातच आहे. आदिपर्वाचा खंड 1933 मध्ये पुरा झाला. त्यानंतर नेपाळमधून आदिपर्वाची एक फार जुनी प्रत हाती आली, जी संपादन करताना सुकथनकरांसमोर नव्हती. 1939 मध्ये त्यांनी आपली छापून झालेली संहिता या प्रतीशी ताडून पाहिली आणि काय आढळलं ते लिहून प्रसिद्ध केलं. त्यांनी जो मजकूर मागाहूनचा म्हणून बाजूला काढला होता, त्यातला पुष्कळसा या प्रतीत नव्हताच. उलटही होऊ शकलं असतं. ती प्रत भलतंच काही सांगती, तर सगळ्या पद्धतीला हादरा बसला असता, आणि तो धोका संपादकांनी आधीच छापील स्वरूपात पत्करलेला होता. चाचणी म्हणतात ती यालाच. तिला परीक्षानळी लागत नाही.

नाना गप्प बसून ऐकत होता. मग स्वतःहून म्हणाला, "खरं सांगू? प्रयोगवाल्यांचंही सगळं जुळतं असं नाही. 2015 मध्ये मानसशास्त्रातले शंभर प्रयोग दुसऱ्या गटांनी पुन्हा करून पाहिले. मूळ निबंधांपैकी 97 टक्क्यांत निकाल संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठळक होता, पुन्हा केल्यावर तो उरला 36 टक्क्यांत. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे सांगतात." वाद जिंकायच्या भरात कोणी हे लपवलं असतं. नानानं ते काढून समोर ठेवलं, याचा मला आदर वाटला.

वकिलाला मात्र आपला पक्ष मांडायचा होता. त्याचा पक्ष सगळ्यात अवघड, कारण कायद्याचं संशोधन म्हणजे काय, हेच बाहेरच्या माणसाला कळत नाही. निकालांची पुस्तकं चाळणं, इतकीच कल्पना. त्यानं डीट्रिश कॉनराड यांचं नाव काढलं. जर्मनीतले हायडेलबर्गचे अभ्यासक. फेब्रुवारी 1965 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी एक व्याख्यान दिलं. विषय असा की घटना दुरुस्त करण्याच्या अधिकाराला काही अंगभूत मर्यादा आहेत का. त्यांनी टोकाचे प्रश्न विचारले. बहुमत आहे म्हणून जगण्याच्या हक्काचं कलम काढून टाकता येईल? दुरुस्तीचा अधिकार वापरून घटनाच मोडीत काढून मुघल बादशहाचं किंवा इंग्लंडच्या राणीचं राज्य परत आणता येईल? मागे जर्मनीच्या वायमार घटनेचा, म्हणजे हिटलरच्या आधीच्या लोकशाही घटनेचा अनुभव होता. लोकशाही घटनेतल्याच वाटांनी लोकशाही बुडालेली त्या देशानं पाहिली होती.

"ऐकणारे किती असतील? विद्यार्थी आणि प्राध्यापक," वकील सांगत होता. "पण तो निबंध वकील एम. के. नंबियार यांच्या हाती लागला आणि गोलकनाथ खटल्यात त्यांनी तो मुद्दा कोर्टापुढे नेला. 1973 च्या केशवानंद भारती खटल्यात न्यायमूर्ती खन्नांनी कॉनराड यांचा आधार घेतला. तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. संसदेला घटनेची मूलभूत संरचना बदलता येणार नाही, हे तेव्हापासून आपल्या देशाचं कवच आहे."

"सात विरुद्ध सहा? माझ्याकडे असा निकाल आला तर मी बॅच सोडणार नाही."

"आणि तुझं बरोबरच आहे. पण इथं बॅच सोडायची की अडवायची हा निर्णय पुढे ढकलता येत नाही. पक्षकार समोर उभा असतो. आमच्याकडे युक्तिवादाची कसोटी लागते ती पुढच्या खटल्यात. 1975 मध्ये इंदिरा गांधी विरुद्ध राजनारायण, 1980 मध्ये मिनर्व्हा मिल्स. तत्त्व टिकलं. नसतं टिकलं तर ते सहा न्यायाधीश बरोबर ठरले असते."

इथं मी वकिलाशी पूर्ण सहमत नाही आणि तसं बोललोही. पुढच्या न्यायालयानं मान्य केलं म्हणजे सिद्ध झालं, असं नव्हे. न्यायालय चुकीचं तत्त्वही वर्षानुवर्षं चालवू शकतं. कायद्याच्या अभ्यासकाचं खरं बळ त्यानं दिलेल्या कारणांत असतं, आणि ती कारणं विरुद्ध बाजूच्या सगळ्यात हुशार माणसापुढे टिकतात का, हे बघावं लागतं. म्हणूनच केशवानंदमधली सहा न्यायाधीशांची मतंही आजचे विद्यार्थी वाचतात, ती वाचलीच पाहिजेत. हरलेली बाजू जपून ठेवणारी शाखा मला फार मोलाची वाटते.

संगीताकडे गाडी वळवली मास्तरांनी. गोल ताणलेल्या साध्या पडद्यावर थाप मारली तर निघणारे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत बसत नाहीत, म्हणून बहुतेक ढोलांना नेमका सूर नसतो. तबला, मृदंग सुरात बोलतात ते मधल्या शाईमुळे, म्हणजे पडद्यावरच्या काळ्या लेपामुळे. सी. व्ही. रामन यांनी हे 1920 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. "समीकरण रामन यांचं, पण शाई चढवण्याचं ज्ञान कारागिराच्या हातात आधीपासून होतं," मास्तर म्हणाले.

"आणि भातखंडे?" वकील लगेच. "ते आमचेच. कायद्याची पदवी घेतलेला माणूस. उस्तादांकडे फिरले, प्रश्न विचारले, बंदिशी लिहून घेतल्या. 'हिंदुस्तानी संगीत पद्धती' मराठीत लिहिलं तेही गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांत."

"सगळे राग स्वरांवरून दहा थाटांत वाटून दिले ते त्यांनीच ना?" नाना म्हणाला. तो पेटी वाजवतो. "मग मधुवंती कुठल्या थाटात बसवणार? अहिर भैरव?"

नाही बसत. दहांपैकी एकाही थाटाचे स्वर त्यांना लागू पडत नाहीत. आणि नानानं नकळत स्वतःच्याच मूळ प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. कलेतला सिद्धांतही एका रागानं अडतो. भातखंड्यांनी आपली मांडणी इतकी स्पष्ट केली म्हणूनच ती कुठे तोकडी पडते ते दाखवता येतं. "रागाचा आत्मा अनिर्वचनीय आहे" एवढंच लिहून ते थांबले असते तर त्यांना कोणी चुकीचं ठरवू शकलं नसतं, आणि शंभर वर्षांनी त्यांच्यावर वादही झाला नसता.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. या सगळ्या कामांना आपण एकच फूटपट्टी लावतो, निबंध किती छापले. 2015 मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानाचा जो निबंध आला त्यावर 5,154 लेखकांची नावं होती. तेहतीस पानांपैकी मजकूर नऊ पानांचा, बाकी नावं आणि संस्था. दुसरीकडे पां. वा. काणे. मुंबई हायकोर्टात वकिली सांभाळून धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड, 1930 ते 1962, साडेसहा हजारांच्या आसपास पानं, एकहाती. दरवर्षी निबंध मोजणाऱ्या समितीपुढे काणे मधल्या कितीतरी वर्षांत नापास झाले असते. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही अट यूजीसीनं 2022 च्या नियमांत काढली, ते मला योग्यच वाटतं. त्या अटीपायी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं फावलं होतं.

नाना उठला तेव्हा त्याचा एक आक्षेप शिल्लक होता, आणि तो मी मान्य केला. "पोरीला मी अडवणार नाही. पण प्रबंधात मला एक प्रकरण हवं. अमुक शिल्प तमुक देवतेचं आहे असं ती म्हणणार. काय सापडलं तर तिचं म्हणणं खोटं ठरेल, ते तिनं आधी लिहायचं. हातातलं आयुध, वाहन, दुसऱ्या मंदिरातली तशीच मूर्ती, काहीही. तेवढं लिहिलं नाही तर व्हायव्हाला मी मागे बसून विचारणार."

"विचारच," मास्तर म्हणाले. "पण तिला आजच सांगून ठेव. ते प्रकरण शेवटी लिहायचं नसतं, सुरुवातीला लिहायचं असतं."