दहा इंचांचा उन्हाळा

जुलै महिन्यात उत्तर टेक्सासमध्ये शहाणपणाने वागणारा प्राणी मला एकच ठाऊक आहे, तो म्हणजे क्रॅपी मासा. पारा ३८ अंशांवर गेला की तो किनाऱ्याला रामराम ठोकतो आणि १२ ते २० फूट खोल, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत गोतावळ्यासह स्वस्थ लटकून राहतो. तळाशी आणखी थंड असतं, पण उन्हाळ्यात वरचं गरम, हलकं पाणी खालच्या गार, जड पाण्यात मिसळत नाही आणि तळाचा प्राणवायू संपत जातो. थोडक्यात, वरचा मजला तापलेला आणि तळघर कोंदट, म्हणून क्रॅपीने मधला मजला घेतलेला. त्याला पकडायला निघालेला सुशिक्षित माणूस मात्र डोक्यावर टोपी आणि नाकावर सनस्क्रीन थापून भर उन्हात काठावर उभा असतो.

त्या माणसाचं, म्हणजे माझं, निमित्त आई होती. वेंगुर्ल्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. देऊळ, मॉल, दुसरा मॉल आणि महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्या ओळखींकडची जेवणं जूनपर्यंत संपली होती. जुलैत दुपारी घराबाहेर पाऊल टाकणं अशक्य. शेजारच्या निवृत्त टेक्सन आजोबांनी कुंपणावरून सल्ला दिला, "क्रॅपी पकडायला जा. शिकाऊ माणसाचा मासा आहे. एक काठी, पाण्यावर तरंगणारा एक फ्लोट, बादलीभर मिनो. झालं." मी हुरूप येऊन गाडीची किल्ली शोधू लागलो, तेव्हा त्यांनी वाक्य पूर्ण केलं, "एप्रिलमध्ये."

एप्रिलमध्ये क्रॅपी अंडी घालायला उथळ पाण्यात येतो आणि लहान मुलांनाही सापडतो. जुलैत तो कुठे आहे हे आधी शोधावं लागतं. पण आईच्या कानावर मासा हा शब्द गेला होता, आता माघार नव्हती.

मिनो म्हणजे बोटभर लांबीचे जिवंत मासे, आमिषाचे. दुकानदार ते डझनावर मोजतो, पण टाकतो जाळीने अंदाजे, म्हणजे वेंगुर्ल्याच्या बाजारासारखंच. खरी परीक्षा पुढे. हे जीव उन्हात पटापट मरतात. नळाच्या पाण्यात ठेवले तर क्लोरीनने मरतात. पाणी गार करायला फ्रिजमधला बर्फ टाकावा, तर त्यातही तेच क्लोरीन. म्हणून बाटलीत पाणी गोठवायचं आणि ती बंद बाटली बादलीत सोडायची. शिवाय बॅटरीवरचा हवेचा पंप. मला माझ्या मुलांच्या पाळणाघराने इतक्या सूचना दिल्या नव्हत्या. पाहुण्यांच्या बाथरूममधला टब मी क्लोरीन मारायचे थेंब टाकून तयार केला आणि त्यात त्यांची सोय लावली. पंप रात्रभर घुरघुरत होता. बायको काही बोलली नाही; तिने फक्त त्या बाथरूमचं दार लावलं आणि त्याला एक टॉवेल टेकवला.

पहाटे आई टबाशी उभी.

"ह्ये इकत हाडलंस?"

"हो. आमिष आहे."

"मासे इकत घेऊन परत पाण्यात सोडूक जातंस? झिला, बरो आसस मां?"

मी तिला गळाचं, आमिषाचं शास्त्र सांगू लागलो. ज्या बाईचं बालपण खाडीकाठी गरवण्यात गेलं तिला हे ऐकवणं म्हणजे जरा जास्तच होतं. तिने माझी नवी काठी उचलली, तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाली, "ह्या दोऱ्यान ब्लाउज शिवतत." सहा पौंडांचा ताण सोसणारी तंगूस होती. क्रॅपीला तेवढीच लागते. जाड असली तर त्याला दिसते म्हणतात. हे मी सांगितलं नाही.

जायचं ठिकाण रे रॉबर्ट्स सरोवर. टेक्सासमधली बहुतेक मोठी सरोवरं धरणांची आहेत आणि इथे पाण्याखाली गेलेली झाडं अजून उभी आहेत, म्हणजे क्रॅपीला आयती वसाहत. त्यातून काठावर स्टेट पार्क. टेक्सासच्या स्टेट पार्कमध्ये काठावरून किंवा धक्क्यावरून मासे धरायला परवाना लागत नाही. एरवी राज्यातला नेहमीचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो, म्हणजे जुलैत घेणाऱ्याने महिनाभरासाठी वर्षाचे पैसे मोजायचे. आईला ही सवलत फार आवडली. अमेरिकेबद्दल तिने काढलेला तो पहिला चांगला शब्द.

धक्क्यावर सल्लागार हजर होते. मासेमारीत मासे कमी आणि मार्गदर्शक जास्त, हा नियम सातासमुद्रापारही लागू आहे. एक म्हणाला पोपटी जिग, म्हणजे डोक्याशी वजन असलेला रंगीत गळ, लाव, दुसरा म्हणाला गुलाबी, तिसऱ्याने काळ्याची शपथ घेतली. तिघांच्याही बादल्या कोरड्या. चौथ्याने मात्र कामाचं सांगितलं: क्रॅपीचे डोळे वर बघणारे, आमिष त्याच्या डोक्याच्या वर राहिलं पाहिजे, खाली गेलेल्या आमिषाकडे तो ढुंकून बघत नाही. दुपारी येऊ नका, असंही तो म्हणाला. जाणकार रात्री येतात आणि पाण्यात हिरवा दिवा सोडतात. दिव्याभोवती सूक्ष्म जीव, त्यांच्यामागे शॅड नावाची बारकी मासळी आणि तिच्यामागे क्रॅपी. हा प्रयोग आम्ही पुढे केला. साखळीत डासही सामील झाले आणि त्यांना शॅडपेक्षा मी जवळ पडलो.

समोर पाण्यात एक होडी उभी होती. तिच्यातला गृहस्थ पाण्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर पडद्यावर. गार्मिन कंपनीने २०१८ साली हे लाइव्ह सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं चित्र दाखवणारं यंत्र, बाजारात आणलं, तेव्हापासून मासा आमिषापाशी येतो, विचार करतो आणि निघून जातो, हे थेट प्रक्षेपण बघायची सोय झाली आहे. अपमान तोच, फक्त चित्रासह. पांढऱ्या क्रॅपीचा जागतिक विक्रम, पाच पौंड तीन औंस, म्हणजे सव्वादोन किलोंहून जास्त, मिसिसिपीतल्या एनिड धरणावर १९५७ साली झाला. तोही जुलैत. पडदा नव्हता, पंप नव्हता. त्या बातमीने मला धीर यायला हवा होता, पण माझा गळ तेवढ्यात चौथ्यांदा फांदीत अडकला. मासे जिथे असतात तिथेच फांद्या असतात, आणि फांद्यांना माझं आमिष मनापासून आवडायचं.

आई घडीच्या खुर्चीत छत्री धरून बसली होती. काठी कठड्याला टेकवलेली, आमिष निश्चल. मी दर दोन मिनिटांनी गळ ओढून बघत होतो.

"तुझो फ्लोट आडवो झालो," ती म्हणाली.

फ्लोट बुडाला की मासा, एवढं मला माहीत होतं. आडवा झाला म्हणजे तंगूस ढिली पडली असणार, म्हणून मी दुर्लक्ष केलं. क्रॅपी खालून येतो, आमिष तोंडात धरून वर सरकतो, जिगचं वजन उचललं जातं आणि फ्लोट पाण्यावर झोपतो, हे ज्ञान मला चौथ्या मार्गदर्शकाकडून उशिरा मिळालं. पुढच्या खेपेला फ्लोट झोपताच मी जिवाच्या आकांताने हिसका दिला. क्रॅपीचं ओठाजवळचं कातडं कागदाइतकं पातळ. गळ वर आला, मासा खाली राहिला.

"उचलूचा," आई म्हणाली, "ओढूचा न्हय." आणि तिने स्वतःची काठी, विहिरीवरून कळशी उचलावी तशी, सावकाश वर घेतली. खाली चंदेरी, काळ्या ठिपक्यांचा मासा तडफडत होता.

मोजपट्टी काढली. टेक्सासात क्रॅपी किमान दहा इंच लागतो. दिवसाला पंचवीसच न्यायचे, ही अट आम्हाला कधी जाचली नाही. तोंड मिटून, शेपटी चिमटून मोजलं तर साडेनऊ.

"ह्येका परत सोडूचा?" आईने शांतपणे विचारलं. "आमच्याकडे एवढ्यात दोन माणसां जेवतत." मी कायदा सांगितला. तिने मोजपट्टी उलटीकडून धरून पाहिली. इंच तेवढेच भरले. मासा पाण्यात गेला आणि आईच्या डोळ्यांतून माझ्यावरचा उरलासुरला विश्वासही.

संध्याकाळपर्यंत दहाच्या वरचे तीन झाले, तिघेही तिचेच. घरी तिने खवले काढले, हळद, मीठ, आगळ लावलं, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकले. क्रॅपीचं मांस पांढरं, सौम्य, काटे कमी. गोड्या पाण्यातल्या माशाला मालवणी माणूस एरवी मासा म्हणायला तयार नसतो. पहिला घास घेऊन आई बराच वेळ चावत राहिली.

"बरो आसा," ती म्हणाली. "पण ह्येका समुद्र म्हायत नाय."

बायकोने दुसरी तुकडी वाढून घेतली आणि मग टॉवेल टेकवलेल्या दाराकडे मान वळवली. उद्या तिच्या मैत्रिणी राहायला येणार होत्या. टबात अजून दीड डझन मिनो होते, आणि उरलेलं आमिष तलावात सोडू नये असं सगळेच सांगतात.

"त्यांचं काय करायचं?" तिने मला विचारलं.

आईने तव्यावर आणखी थोडं तेल सोडलं.