थ्रेडला लागलेला वेळ

आमच्या कार्यालयात एखाद्या प्रोग्रॅममध्ये आठ थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्रॅममधले स्वतंत्रपणे चालणारे कामाचे धागे, एकाच वेळी कामाला लावले, की व्यवस्थापकांना प्रत्येक थ्रेडला किती वेळ लागला हे मिलिसेकंदांत आणि एकाच रकान्यात हवे असते. प्रश्न इतका निरागस असतो की, विचारणाऱ्याचा राग येत नाही. राग येतो तो जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने देऊ केलेल्या घड्याळांचा.

त्यांतले पहिले घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद सांगते. सुरुवातीची वेळ शेवटच्या वेळेतून वजा करावी, इतके सोपे. परंतु हे घड्याळ इंटरनेटवरून मधूनमधून दुरुस्त होत असते आणि नेमकी मधल्या क्षणी दुरुस्ती झाली, तर थ्रेडने काम सुरू करण्यापूर्वीच संपवल्याचे दिसते. जुन्या विंडोजवर तर ते सुमारे सोळा मिलिसेकंदांच्या उड्या मारत पुढे जाई, त्यामुळे तीन मिलिसेकंदांचे काम एकतर शून्यात आटोपे किंवा सोळांत. दुसरे घड्याळ नॅनोसेकंदांचे आहे. ते मागे जात नाही, पण ते कधीपासून मोजते हे कोणालाही सांगत नाही, प्रसंगी ऋण आकडाही देते. दोन वाचनांतील फरक तेवढा खरा मानायचा. शिवाय नॅनोसेकंदांत उत्तर देणे म्हणजे नॅनोसेकंदापर्यंत अचूक असणे नव्हे, हे त्याच्या माहितीपत्रकातच सभ्यपणे नमूद केलेले आहे.

एवढ्यावर भागले असते, तर मी तक्रार केली नसती. मुळात ‘लागलेला वेळ’ कोणता? तहसील कचेरीत दाखल्यावरची सही पाच सेकंदांत होते आणि त्यासाठी दिवस जातो. थ्रेडचेही तसेच आहे. प्रोसेसर त्याच्या वाट्याला आला तो वेळ निराळा आणि दुसऱ्या थ्रेडने सामायिक माहितीला लावलेले कुलूप उघडण्याची वाट पाहत तो ताटकळला तो निराळा. जावात पहिला वेळ वेगळा विचारता येतो. सी भाषेतले क्लॉक नावाचे फंक्शन मात्र युनिक्सवर सगळ्या थ्रेडचा प्रोसेसर-वेळ बेरीज करून हाती ठेवते. परिणामी काम चार थ्रेडमध्ये वाटून भिंतीवरच्या घड्याळानुसार चौपट लवकर संपवले, तरी हिशेबात तो वेळ पूर्वीइतकाच, किंबहुना थोडा जास्तच निघतो. सुधारणेचा पुरावा म्हणून असा तक्ता बैठकीत ठेवण्यास निराळे धैर्य लागते.

मग रूपांतर. साठ विपळांचे एक पळ आणि साठ पळांची एक घटका, हे पंचांगातले कोष्टक एकदा पाठ केले की जन्मभर पुरे. इथे मात्र नॅनोसेकंदाचे मिलिसेकंद करताना दहा लाखांनी भागायचे, सेकंद करताना शंभर कोटींनी, आणि विंडोज थ्रेडचा वेळ शंभर नॅनोसेकंदांच्या एककांत देते म्हणून तिथे दहा हजारांनी. शून्ये मोजताना डोळे पाणावतात. जावाचे तयार रूपांतर वापरावे, तर ते अपूर्णांक सरळ छाटून टाकते: ९,९९,९९९ नॅनोसेकंद म्हणजे शून्य मिलिसेकंद. प्रत्येकी ०.९ मिलिसेकंदाची हजार कामे आधी रूपांतरित करून मग बेरजेला घेतली, तर नऊशे मिलिसेकंदांची मेहनत शून्य ठरते. म्हणून आधी बेरीज, मग भागाकार. आणि नॅनोसेकंदांची बेरीज साध्या बत्तीस-बिटी पूर्णांकात ठेवू नये, कारण त्यात मावणारा आकडा मर्यादित असल्याने २.१४७ सेकंदांनंतर तो ओसंडून ऋण होतो.

हे सारे सांभाळूनही पहिल्या फेरीचा आकडा पुढच्या फेऱ्यांहून कितीतरी मोठा येतो, कारण जावाला कोड तापवून यंत्रभाषेत आणायला अवधी लागतो, आणि मध्येच कचरा गोळा करण्याची, म्हणजे वापरून झालेली मेमरी मोकळी करण्याची, तिची वेळ झाली, की बिचारे सगळेच थ्रेड थांबतात. तेव्हा नेमके कोण कुठे अडकते हे शोधण्यासाठी मी प्रत्येक थ्रेडला पावलोपावली वेळ छापायला लावले. छपाईची खिडकी सगळ्यांत मिळून एकच असल्यामुळे आठही थ्रेड आपापला वेळ सांगण्यासाठी तिच्यासमोर शिस्तीने रांगेत उभे राहिले आणि प्रोग्रॅम पूर्वीपेक्षाही संथ झाला. शेवटी मोजणीच्या साऱ्या ओळी काढून टाकल्या, तेव्हा तो डोळ्यांना जाणवेल इतका वेगाने धावू लागला. किती वेगाने, हे मोजण्याचे साधन मात्र आता त्यात उरले नव्हते.