‘एका तरंगलांबीत 10 एलिमेंट’ हा नियम कुठे तोकडा पडतो?

तरंगप्रसाराचं सिम्युलेशन करणाऱ्यांत एक सल्ला सतत फिरत असतो: “एका तरंगलांबीत 10 एलिमेंट घ्या, काम झालं. शंका आली तर मेश अजून बारीक करा. टाइम स्टेप तर जितकी लहान तितकं उत्तर बरोबर.” (एलिमेंट म्हणजे माध्यम ज्यांत विभागतात तो छोटा तुकडा, मेश म्हणजे अशा तुकड्यांची जाळी, टाइम स्टेप म्हणजे गणनेतलं काळाचं एक पाऊल.) सल्ल्यातली तिन्ही वाक्यं अर्धवट आहेत, आणि तिसरं सर्वांत फसवं.

“10 एलिमेंट घेतले की झालं.” आकडा हवेतला नाही. एलिमेंट तरंगलांबीच्या आठव्या ते दहाव्या भागाहून मोठा नको, असं संशोधक कुहलेमायर आणि लायस्मर यांनी 1973 मध्येच मांडलं होतं. पण तरंग किती दूर जाणार, हे या नियमात कुठेच येत नाही. दुसऱ्या ऑर्डरचं साधं फायनाइट डिफरन्स (शेजारच्या बिंदूंतल्या फरकांवरून गणित करणारी पद्धत) घ्या, टाइम स्टेप अगदी लहान ठेवा. तरंगलांबीमागे 10 बिंदूंवर तरंगाचा वेग खऱ्यापेक्षा साधारण 1.6 टक्के कमी निघतो. दोन-तीन तरंगलांब्यांत हे जाणवतही नाही. 30 तरंगलांब्या गेल्यावर मात्र तरंग जवळपास अर्धी तरंगलांबी मागे पडलेला असतो. शिखर यायला हवं तिथे दरी येते. आलेख दिसायला गुळगुळीतच, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. 20 बिंदू घेतले तर चूक एक चतुर्थांश होते, तरी तेवढ्याच अंतरावर तरंगलांबीचा आठवा हिस्सा घोळ उरतोच.

शिवाय तरंगलांबी कोणती? सर्वांत मंद तरंगाची, आणि स्रोतातल्या सर्वांत वरच्या उपयोगी वारंवारितेची. पाण्याने भरलेल्या मऊ मातीत पी-तरंग (दाबाचा) सेकंदाला 1500 मीटर आणि एस-तरंग (कातरणीचा) 150 मीटर धावत असेल, तर पी-तरंगावरून ठरवलेल्या मेशमध्ये एस-तरंगाच्या वाट्याला जेमतेम एक एलिमेंट येतो. रिकर पल्सची (स्रोत म्हणून वापरल्या जाणाऱ्या छोट्या ठरावीक तरंगाची) शिखर-वारंवारिता धरून हिशेब करणारेही असेच फसतात, कारण पल्सची ऊर्जा शिखर-वारंवारितेच्या अडीचपटीपर्यंत पसरलेली असते.

“शंका आली तर मेश बारीक करा.” करा की! त्रिमितीत एलिमेंटची बाजू निम्मी केली की एलिमेंट आठपट आणि एक्सप्लिसिट पद्धतीत (जिथे पुढचं पाऊल थेट आधीच्या पावलांवरून काढतात) टाइम स्टेपची पावलं दुप्पट, म्हणजे काम सोळापट. त्यापेक्षा चौथ्या ऑर्डरचे स्पेक्ट्रल एलिमेंट (एकेका एलिमेंटच्या आत अनेक बिंदू असलेले) तरंगलांबीमागे पाचेक बिंदूंतच भागवतात.

“टाइम स्टेप जितकी लहान तितकं बरं.” कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांची 1928 ची अट स्थैर्यासाठी (गणना फुगत जाऊन कोसळू नये म्हणून) टाइम स्टेपला वरची मर्यादा घालते, त्याखाली कितीही उतरलं तरी फायदाच, असं ती म्हणत नाही. एकमितीत सेंट्रल डिफरन्सने कूरांट अंक (एका टाइम स्टेपमध्ये तरंग किती एलिमेंट ओलांडतो तो आकडा) बरोबर 1 ठेवला, तर अवकाशातली आणि काळातली चूक एकमेकींना पुरती खोडतात. पाऊल लहान केलं की काळातली चूक जाते आणि मेशची एकटी उघडी पडते. लम्प्ड मासच्या (एलिमेंटचं वस्तुमान बिंदूंवर एकवटणाऱ्या) एक्सप्लिसिट कोडमध्ये म्हणूनच मर्यादेच्या जवळ राहणं सोयीचं. न्यूमार्कच्या इम्प्लिसिट (प्रत्येक पावलाला समीकरणं एकत्र सोडवणाऱ्या) सरासरी-त्वरण पद्धतीत मात्र गणित उलटं: तिथे काळातली चूकही तरंगाला मंदच करते, आणि लम्प्ड मासबरोबर दोन्ही चुकांची बेरीज होते.

मेश पुरेसा आहे का, हे स्रोताजवळच्या शिखराच्या उंचीवरून ठरवू नका. दोन मेशवर तेच सिम्युलेशन चालवा आणि सर्वांत दूरच्या रिसीव्हरवर (तरंग नोंदवण्याच्या बिंदूवर) तरंग पोहोचण्याची वेळ ताडून पाहा.