सातत्य ठेवायला आधी रस्ता ठेवा

‘धावण्यात सातत्य महत्त्वाचे’ हे वाक्य यापुढे मला कुणी ऐकवले, तर मी त्या व्यक्तीला पहाटे सव्वापाच वाजता माझ्यासोबत रस्त्यावर उभे करणार आहे आणि तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवायला सांगणार आहे. गेली सहा वर्षे मी धावते आहे. गजर झाल्यावर अंथरूण सोडणे, अर्धवट उजेडात बुटांच्या नाड्या बांधणे, अंग नको म्हणत असताना दार ओढून घेऊन बाहेर पडणे, हे सगळे मला जमते आणि त्यासाठी कुणाच्या प्रेरणादायी वचनांची मला गरज पडत नाही. माझा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. दाराबाहेर जे काही आहे, ते धावणाऱ्या माणसाचा विचार करून बांधलेले नाही, त्याच्यासाठी राखलेले तर मुळीच नाही. आणि तरीही आठवड्यातली एखादी धाव बुडाली की दोष मात्र बिनदिक्कत माझ्या निश्चयाच्या माथी मारला जातो.

मंगळवारचीच गोष्ट घ्या. मॅरेथॉनच्या अठरा आठवड्यांच्या माझ्या वेळापत्रकात मंगळवारी टेम्पो धाव असते. ज्या वेगाने आपण शर्यतीत साधारण तासभर तग धरू शकतो, त्या वेगाने सलग वीस मिनिटे धावायचे, एवढेच तिचे स्वरूप. त्या वेगाला शरीरात लॅक्टेट, म्हणजे जोरात धावताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ, तयार होण्याचे आणि त्याचा निचरा होण्याचे प्रमाण जेमतेम बरोबरीत राहते आणि तो तोल मोडू न देता टिकवणे हाच त्या व्यायामाचा सगळा अर्थ असतो. म्हणजे यातला कळीचा शब्द ‘सलग’ हा आहे. या मंगळवारी तिसऱ्या मिनिटाला एक मालवाहू गाडी पदपथावर चारही चाके चढवून उभी होती, म्हणून मी रस्त्यावर उतरले. सातव्या मिनिटाला चौकातला पादचाऱ्यांचा दिवा लाल झाला आणि एकही वाहन नसलेल्या चौकाकडे पाहत मी जागच्या जागी उड्या मारत राहिले. अकराव्या मिनिटाला रस्ताच संपला. म्हणजे आदल्या दिवशी होता, आता त्या जागी खड्डा होता आणि खड्ड्यापलीकडे मातीचा ढिगारा. गोस्टा होल्मेर या स्वीडिश प्रशिक्षकाने 1930 च्या दशकात फार्टलेक नावाची पद्धत रूढ केली, ज्यात मनाला येईल तेव्हा वेग वाढवायचा आणि मनाला येईल तेव्हा कमी करायचा. त्या शब्दाचा अर्थच मुळी ‘वेगाशी खेळ’ असा आहे. मीही आता फार्टलेकच करते आहे, फक्त खेळ माझा आणि मर्जी इतरांची.

घड्याळाचे सोंग तर निराळेच. मी थांबले की ते आपोआप थांबते आणि घरी आल्यावर जणू काही घडलेच नाही अशा थाटात सरासरी वेग दाखवते. चार वेळा थांबून, श्वास पूर्ववत होऊ देऊन काढलेली वीस मिनिटे ही सलग वीस मिनिटे नव्हेत, हे त्या घड्याळाला कळत नाही. पण माझ्या पायांना शर्यतीच्या तिसाव्या किलोमीटरला बरोबर कळते.

खोदकामाविषयी शांतपणे लिहायचे मी ठरवले होते, परंतु ते जमेल असे वाटत नाही. माझ्या नेहमीच्या वाटेवरचा एक तुकडा गेल्या वर्षभरात तीन वेळा उकरला गेला: एकदा नळासाठी, एकदा तारांसाठी आणि तिसऱ्यांदा कशासाठी हे तिथे काम करणाऱ्यांनाही सांगता आले नाही. रस्ता खोदावा लागतो, हे मलाही समजते. खोदल्यानंतर तो ज्या पद्धतीने बुजवला जातो, ते मात्र मला समजत नाही. वर सैल खडी पसरायची, तिच्यावर डांबराचा उंचवटा बसवायचा आणि काम झाले असे जाहीर करायचे. मोटारीला तो उंचवटा म्हणजे एक हलकासा धक्का असतो. धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीवर आपल्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पडतो आणि किलोमीटरला साधारण हजार पावले पडतात. त्यातले एकच पाऊल त्या उंचवट्याच्या कडेवर तिरके पडले की घोटा मुरगळतो आणि तीन आठवडे घरी बसावे लागते. हे मी अनुभवाने लिहिते आहे. रक्तातील द्रवाचे प्रमाण सराव बंद पडल्यावर काही दिवसांतच घटू लागते, दोनेक आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची क्षमता मोजता येईल इतकी खाली येते आणि हळूहळू कमावलेला दम असा भराभर ओसरत असताना तुम्ही पाय उशीवर ठेवून पडलेले असता. मुरगळलेला अस्थिबंध पूर्ववत व्हायला तर स्नायूपेक्षा कितीतरी अधिक वेळ घेतो. एवढे सगळे कशामुळे, तर कुणीतरी दोन घमेली डांबर नीट दाबून बसवले नाही म्हणून.

जिथे रस्ता धड आहे, तिथेही तो सपाट नसतो. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधोमध उंच आणि दोन्ही कडांकडे उतरता बांधतात. हा उतार थोडासाच, साधारण दोन-अडीच टक्क्यांचा असतो आणि वाहनातून तो जाणवतही नाही. धावणाऱ्याला मात्र जीव वाचवण्यासाठी कडेनेच धावावे लागते, तेही समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून नेहमी एकाच बाजूने. परिणामी एक पाय कायम उंचावर आणि दुसरा कायम सखल भागात पडतो. दोन वर्षे हा प्रकार केल्यावर माझ्या एका गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागली, तेव्हा तपासणाऱ्या तज्ज्ञांनी अगदी साळसूदपणे सुचवले की रस्त्याची बाजू अधूनमधून बदलत जा. म्हणजे गुडघा वाचवायचा असेल तर वाहनांकडे पाठ करून धावा, आणि पाठ वाचवायची असेल तर गुडघा सोडून द्या.

आता वाहनांकडे येते. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे चौदा मीटर पुढे गेलेली असते. सहा मिनिटांना किलोमीटर या वेगाने धावणारी मी त्याच सेकंदात तीन मीटरही जात नाही. चालकाने मोबाइलवर एक संदेश वाचण्यासाठी दोन सेकंद मान खाली घातली, तर तो अठ्ठावीस मीटर आंधळेपणाने चालवत आलेला असतो आणि त्या अठ्ठावीस मीटरांत मी असू शकते, ही शक्यता त्याच्या मनातही येत नाही. पहाटेच्या अंधारात समोरून पूर्ण प्रखर दिवे टाकून येणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. अंधाराला पुरते सरावण्यासाठी डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि तो सराव घालवायला असा एकच दिवा पुरतो. तो निघून जातो आणि पुढची काही पावले मी केवळ आठवणीच्या भरवशावर टाकते. वर्षातून तीनदा बदलणाऱ्या रस्त्याची आठवण काय कामाची, ते ज्याचे त्याने ठरवावे. धुराचे दुःख वेगळेच आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो, तर जोरात धावणारा शंभर लिटरच्या आसपास, आणि तीही नाकाची गाळणी टाळून तोंडाने. सिग्नलला इंजिन चालू ठेवून काचा वर करून बसलेल्यांना मी हे कसे सांगणार?

मग ट्रेलवर, म्हणजे मातीच्या पायवाटेवर, जा, असे म्हणतात. गेले. माती पायांना मऊ लागते, दर पाऊल थोडे वेगळे पडल्यामुळे एकाच जागी ताण साचत नाही आणि झाडांखाली मन स्थिर होते, हे सारे खरे आहे. आठवड्यातून दोनदा तरी मातीवर धावावे, असे माझेही ठाम मत आहे. परंतु जी पायवाट केवळ पायांसाठी आहे असे पाटीवर लिहिले आहे, तिच्यावर मोटारसायकलींनी घोटाभर खोल चाकोऱ्या पाडून ठेवल्या आहेत; त्या पावसात भरतात आणि वाळल्यावर दगडासारख्या कडक होतात. त्यातून वाट काढत जावे, तर वळणावर मोकळा सोडलेला कुत्रा अंगावर धावून येतो. कुत्र्यावर माझा राग नाही. पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग करणे हा त्याचा स्वभावधर्म आहे. माझा राग मागून सावकाश चालत येणाऱ्या, साखळी हातात गुंडाळून घेतलेल्या त्याच्या मालकावर आहे. ‘घाबरू नका, तो काही करत नाही,’ हे त्याचे ठरलेले वाक्य. अहो, त्याने जे करायचे ते केले आहे! माझी हृदयगती एकशे ऐंशीवर नेऊन ठेवली आहे, आणि आजची धाव एकशे चाळीसच्या आत करायची होती.

ज्या गोष्टीवर पुरुष धावकांशी बोलताना माझा आवाज नेहमी चढतो, ती आता लिहिते. वेळापत्रक सांगते की ठरावीक वेळी, ठरावीक मार्गावर, मोजलेल्या अंतरावर धावा, म्हणजे प्रगती ताडून पाहता येईल. बाईला मात्र सगळे जग सांगते की रोज एकाच वेळी एकाच वाटेने जाऊ नकोस, कुणाच्या लक्षात येईल. म्हणजे मी नियमित असणे हाच धोका! कानात संगीत लावू नकोस, अंधारात जाऊ नकोस, निर्जन ट्रेलवर एकटी जाऊ नकोस, आणि गर्दीच्या रस्त्यावर गेलीस तर शेरे ऐकून घे. 1967 साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर धावत असताना शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने तिला धरून तिच्या कपड्यांवर लावलेला शर्यतीचा क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला होता, आणि त्यानंतरही ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन यायला 1984 साल उजाडावे लागले. आता क्रमांक कुणी ओढत नाही. आता काळजीच्या सुरात इतक्या सूचना देतात की बाई आपणहून घरी बसावी. त्या सूचना देणाऱ्यांपैकी एकानेही रस्त्यावरचा बंद पडलेला दिवा दुरुस्त करा म्हणून तक्रार केल्याचे मला ठाऊक नाही. मी आजवर चार वेळा केली आहे. दिवा बंदच आहे.

ट्रेडमिलचा सल्ला देणाऱ्यांना एका वाक्यात उत्तर देते: मला धावायचे आहे, जागच्या जागी शिक्षा भोगायची नाही. सरकत्या पट्ट्यावर वारा नाही, वळण नाही, पायाखालची जमीन बदलत नाही, आणि शर्यत रस्त्यावर होणार असेल तर घोट्यांना आणि पोटऱ्यांना रस्त्याची ओळख रस्त्यावरच करून द्यावी लागते. आर्थर लिडियर्ड या न्यूझीलंडच्या प्रशिक्षकाने आपल्या धावपटूंना ऑकलंडच्या पश्चिमेकडील डोंगरांतून बावीस मैलांच्या फेऱ्या मारायला लावल्या. आठशे मीटर धावणारा पीटर स्नेलही त्यातून सुटला नाही, आणि 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. त्याच दिवशी लिडियर्डच्याच मरी हॅलबर्गने पाच हजार मीटरचे. तो डोंगर चढणीचा होता, थकवणारा होता, हे मान्य. पण तो दर आठवड्याला जागेवर होता. मला चढ नको असे मी कधीच म्हटलेले नाही. मला फक्त मागच्या रविवारी होता तोच रस्ता या रविवारीही हवा आहे.

केनियाचा धावपटू एल्युड किपचोगे याने 12 ऑक्टोबर 2019 रोजी व्हिएन्नात मॅरेथॉनचे अंतर 1 तास 59 मिनिटे 40 सेकंदांत कापले, तेव्हा सगळे जग त्या आकड्याकडे पाहत होते आणि मी मत्सराने त्या रस्त्याकडे. झाडांच्या रांगांमधून जाणारी सरळसोट, जवळजवळ सपाट वाट, वाहनांना पूर्ण बंद, आणि वेग राखून देण्यासाठी आलटून पालटून धावणारे एकेचाळीस सोबती. त्या सोबत्यांमुळे तो विक्रम म्हणून धरला गेला नाही, आणि तेही योग्यच आहे. मला सोबती नकोत, पुढे वेग दाखवणारी गाडी नको. तशा वाटेचा एक किलोमीटर मला रोज पहाटे एक तास द्या. बाकीचे माझे मी पाहीन.

सध्या माझ्याकडे आहे तो एक आठशे मीटरचा तुकडा. तिथे सिग्नल नाही, दिवे चालू आहेत, कडेला गाड्या लागत नाहीत आणि डांबर अजून शाबूत आहे. उद्या रविवार, वेळापत्रकात चोवीस किलोमीटर, म्हणजे त्या तुकड्यावर तीस खेपा, प्रत्येक टोकाला घाण्याच्या बैलासारखे वळून. त्यालाही माझी ना नव्हती. आज संध्याकाळी सहज चालत जाऊन पाहून आले, तर त्याच्या एका टोकाला पिवळी फीत बांधलेली आहे आणि शेजारी नळांचा ढीग येऊन पडला आहे.